गेमचा जॉनर नेमका ठरवायचा कसा? – परीक्षणांच्या सूचीसाठी

सोंगटी

नमस्कार मंडळी,

गेम विभागातल्या परीक्षणांची सूची करायला घेतली आहे. प्रत्येक गेमपुढे एक मुख्य जॉनर (गेमचा प्रकार) लिहायचा, म्हणजे शोधणाऱ्याला आपल्या आवडीचं पटकन सापडेल. सुरुवातीला आठ कप्पे केले: अ‍ॅक्शन, अ‍ॅडव्हेंचर, आरपीजी (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एका पात्राची भूमिका घेऊन खेळायचे), स्ट्रॅटेजी, सिम्युलेशन, स्पोर्ट्स, रेसिंग, पझल. त्यात दोन अडचणी आल्या.

एक, दोन कप्प्यांत बसणाऱ्या गेमसाठी जोडकप्पा केला, तर निम्मी सूची ‘अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर’मध्येच जाऊन बसली. झेल्डा, टूम्ब रेडर आणि पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ सगळे एकाच ठिकाणी आले, तर त्या कप्प्यातून कुणाला काय कळणार?

दोन, काही गेम कुठेच नीट बसेनात: हेडिस, पोर्टल, डिस्को एलिझियम, टोटल वॉर, स्टारड्यू व्हॅली, रॉकेट लीग, स्ले द स्पायर. शिवाय हॉरर, इंडी (छोट्या स्वतंत्र विकसकांचे), ओपन वर्ल्ड (मोकळ्या जगात हवं तिथे फिरायचे), मल्टिप्लेअर यांना जॉनर म्हणायचं का?

जाणकारांनी पद्धत सुचवावी. कोणालाही वापरता येईल अशी हवी, कारण सूचीत भर घालणारे हात बरेच आहेत.

---

पटावरचा उंट

कप्प्यांच्या संख्येत दोष नाही. दोष हा की एकाच रकान्यात पाच वेगळ्या प्रश्नांची उत्तरं कोंबली आहेत. ‘हॉरर’ वातावरण सांगतं, ‘फर्स्ट पर्सन’ (पात्राच्या डोळ्यांतून दिसणारं) कॅमेरा सांगतं, ‘टर्न-बेस्ड’ (आळीपाळीने चाल) वेळ कशी चालते ते सांगतं, ‘मल्टिप्लेअर’ खेळणारे किती ते सांगतं आणि ‘इंडी’ फक्त पैसा कुणाचा ते सांगतं. सिनेमाचा प्रकार कथेवरून ठरतो. गेमचा प्रकार खेळणाऱ्याला पुन्हा पुन्हा काय करावं लागतं यावरून ठरतो. अंतराळातला गेम शूटर असेल, स्ट्रॅटेजी असेल किंवा नुसता व्यापाराचा असेल. अंतराळ हा प्रकार नव्हेच.

ख्रिस क्रॉफर्डने १९८४ साली याच पायावर मांडणी केली होती. त्याने दोन मोठे गट केले, हाताचं कौशल्य आणि कृती मागणारे एक, डावपेच मागणारे दुसरे. आज दोन गट पुरत नाहीत, पण दिशा अजूनही बरोबर आहे.

माझी पद्धत अशी:

१. गेमच्या मधल्या भागातली सलग दहा मिनिटं घ्या. पहिला अर्धा तास धरू नका, तिथे शिकवणी असते आणि ती फसवते. शेवटही धरू नका, तिथे सगळी आयुधं हातात असतात.

२. त्या दहा मिनिटांत खेळणाऱ्याने काय केलं ते फक्त क्रियापदांत लिहा: नेम धरला, उडी मारली, पत्ता टाकला, इमारत उभारली, बोलला, वस्तू जुळवली. कथेचा एक शब्दही नको.

३. सर्वांत जास्त वेळ खाणारं क्रियापद अधोरेखित करा. मग विचारा, ते चुकलं तर गेम थांबतो का? थांबत असेल तर मुख्य जॉनर मिळाला. नसेल तर पुढच्या क्रियापदाकडे जा.

४. कॅमेरा, वेळ, मरणाचा परिणाम, वातावरण आणि खेळाडूसंख्या यांचे वेगळे रकाने ठेवा. जॉनरच्या रकान्यात ते मिसळू नका.

तिसऱ्या पायरीतला दुसरा प्रश्न सोडू नका. ओपन वर्ल्ड गेममध्ये सर्वांत जास्त वेळ नुसतं चालण्यात जातो; म्हणून तो ‘वॉकिंग सिम्युलेटर’ होत नाही. चालणं चुकतच नाही. नेम मात्र चुकतो.

---

लगोरी

पद्धत पटली, पण शूटरमध्ये कॅमेरा वेगळ्या रकान्यात ढकलू नका. तिथे कॅमेरा बदलला की खेळच बदलतो. थर्ड पर्सनमध्ये भिंतीआड उभं राहून, स्वतः न दिसता कोपऱ्यापलीकडचं पाहता येतं. कॅमेरा खांद्यामागे असल्याने लपून वाट पाहणाऱ्याला फायदा मिळतो. फर्स्ट पर्सनमध्ये पाहायचं तर डोकं बाहेर काढावंच लागतं. म्हणून पब्जीमध्ये केवळ फर्स्ट पर्सनचे वेगळे सामने ठेवावे लागले. नकाशा तोच, बंदुका त्याच, तरी डावपेच वेगळे.

उलट टर्न-बेस्ड आरपीजीत कॅमेरा वरून असो की मागून, निर्णय तेच राहतात.

म्हणजे नियम असा की कॅमेरा बदलल्यावर खेळाडूचे निर्णय बदलत असतील तरच तो जॉनरच्या नावात घ्यायचा.

आणि फर्स्ट पर्सन कॅमेरा व बंदूक दिसली की लगेच ‘एफपीएस’ (फर्स्ट पर्सन शूटर) लिहायचा मोह टाळा. पोर्टलमध्ये (२००७) दोन्ही आहेत, पण ती बंदूक दारं उघडते. खोली म्हणजे कोडं, आणि उत्तर ठरलेलं. मुख्य जॉनर पझल, कॅमेरा फर्स्ट पर्सन.

---

आट्यापाट्या

इथे थोडा वेगळा सूर लावतो. क्रियापदांवरून सगळं ठरवता येतं हे मला मान्य नाही. जॉनर म्हणजे घराणंही असतं. कोणता गेम कोणाकडून काय शिकला हे पाहिल्याशिवाय बरीच नावं कळतच नाहीत.

‘अ‍ॅडव्हेंचर’ घ्या. १९७६ मध्ये विल क्राउथरने लिहिलेल्या ‘कोलोसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर’वरून हा गट ओळखला गेला. मजकूर वाचायचा, आज्ञा टाइप करायची, वस्तू जमवायच्या, अडथळे सोडवायचे. पुढे चित्रं आली, माउस आला, पण पॉइंट-अँड-क्लिक गेम त्याच घराण्यातले. नुसतं ‘साहस’ म्हणून पाहाल तर डूमही त्यात बसेल.

डूमचंही (१९९३) तसंच. त्यानंतर आलेल्या गेमना कित्येक वर्षं ‘डूम क्लोन’ म्हणत. पुढे प्रत्येकाने आपापलं काही घातलं, नक्कल म्हणणं अशक्य झालं, आणि ‘फर्स्ट पर्सन शूटर’ हे वर्णनाचं नाव रुळलं. हा क्रम बऱ्याच ठिकाणी दिसतो: आधी ‘अमक्याची नक्कल’, मग ‘अमक्यासारखा’, शेवटी वर्णन. वर्णन तेव्हाच जमतं जेव्हा एखादी गोष्ट दोन-तीन शब्दांत सांगता येते. ‘सोल्सलाइक’ला (डार्क सोल्ससारख्या गेमना) अजून तसं नाव नाही, कारण त्यात बऱ्याच गोष्टी एकत्र लागतात.

मोबाचं (मल्टिप्लेअर ऑनलाइन बॅटल अरीना) उदाहरण तर फारच बोलकं आहे. स्टारक्राफ्टमध्ये लोकांनी बनवलेला ‘ईऑन ऑफ स्ट्राइफ’ नकाशा, त्यावरून वॉरक्राफ्ट ३ मध्ये २००३ साली डोटा, मग २००९ मध्ये लीग ऑफ लेजंड्स. रायट गेम्सने मोबा हे नाव चालवलं. व्हॉल्व्ह मात्र डोटा २ ला ‘अ‍ॅक्शन आरटीएस’ म्हणत होतं. आरटीएस म्हणजे रिअल-टाइम स्ट्रॅटेजी, न थांबता चालणाऱ्या वेळेतले डावपेच. क्रियापदं पाहाल तर इथे तळ उभारणं नाही, फौज नाही, एकच नायक चालवायचा. आरटीएसचं काहीच उरलं नाही. पण वरचा कॅमेरा, उजव्या क्लिकने चालणं, मनोरे, लाटांनी येणारे सैनिक ही सगळी त्या घरची खूण आहे. घराणं काढून टाकलंत तर हा गेम असा का दिसतो ते सांगता येणार नाही.

---

पटावरचा उंट

आट्यापाट्या, घराणं हा स्वतंत्र रकाना करूया: ‘कोणत्या परंपरेतला’. पण मुख्य जॉनर त्यावरून नको. सूची चाळणाऱ्याला आज रात्री काय खेळायचं ते ठरवायचं असतं. आरटीएस आवडणारा मोबा उघडून निराश होईल.

---

चौकट राजा-राणी

आरपीजीवर लिहिते, सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होतो. पातळी वाढली, अनुभवाचे गुण मिळाले की लोक ‘आरपीजी’ लिहून मोकळे. आता क्रिकेटच्या गेममध्येही फलंदाजाची पातळी वाढते. ती आरपीजीची खूण राहिलेली नाही.

खरी कसोटी ही: यश खेळाडूच्या हातावर ठरतं की पात्राच्या आकड्यांवर?

मॉरोविंड (२००२) सर्वांत स्वच्छ उदाहरण. तुम्ही तलवार फिरवता, ती समोरच्याच्या अंगातून जाताना डोळ्यांना दिसते, तरी वार लागत नाही, कारण मागे फासे पडतात. पात्राचं त्या शस्त्रातलं कौशल्य कमी आणि थकवा जास्त असेल तर सुरुवातीला वारंवार हुकतं. नवे लोक याला बिघाड समजतात. त्याच मालिकेतल्या ऑब्लिव्हियनमध्ये (२००६) वार दिसला की लागतोच. कौशल्यावरून फक्त इजा किती ते ठरतं. दोन्ही आरपीजी, पण दुसरा अ‍ॅक्शनकडे बराच सरकलेला. ‘अ‍ॅक्शन आरपीजी’ लिहायचं ते इथे.

डिस्को एलिझियममध्ये (२०१९) लढाईची वेगळी यंत्रणाच नाही. चार गुण, त्यांखाली २४ कौशल्यं, दोन फासे. दोन्ही सहा पडले की यश, दोन्ही एक पडले की अपयश, मग कौशल्य काहीही असो. पांढरी चाचणी हुकली तर कौशल्य वाढवून पुन्हा करता येते, लाल एकदाच. खेळणाऱ्याचा हात कुठेच लागत नाही, म्हणून तो अस्सल आरपीजी. लढाई नाही म्हणून ‘अ‍ॅडव्हेंचर’ लिहिणं चूक. डन्जन्स अँड ड्रॅगन्सपासून (१९७४) आलेला गाभा फासे आणि पात्र हाच आहे, लढाई नव्हे.

‘जेआरपीजी’ (जपानी आरपीजी) वापरताना जरा जपून. ड्रॅगन क्वेस्टच्या (१९८६) परंपरेसाठी तो शब्द सोयीचा आहे, पण फायनल फँटसी १६चे निर्माते नाओकी योशिदा यांनी २०२३ मध्ये सांगितलं होतं की जपानी विकसकांना हा शब्द एके काळी हिणवणारा वाटत असे. परंपरेच्या रकान्यात असू द्या, मुख्य जॉनर ‘टर्न-बेस्ड आरपीजी’ किंवा ‘अ‍ॅक्शन आरपीजी’ असा लिहा.

---

सोंगटी

वा, हे फार उपयोगी. रोगलाइक आणि रोगलाइटचा फरक कोणी उलगडेल का? परीक्षणांत दोन्ही शब्द एकाच अर्थाने आले आहेत.

---

भोवरा

मूळ गेम ‘रोग’, १९८०. पडद्यावर अक्षरांनी काढलेलं तळघर, दर वेळी नवं, आणि मेलात की सगळं संपलं. नेटहॅक (१९८७) त्याच वाटेवरचा.

२००८ साली बर्लिनच्या रोगलाइक विकसकांच्या परिषदेत लक्षणांची यादी झाली, तिला ‘बर्लिन इंटरप्रिटेशन’ म्हणतात. जास्त वजनाची नऊ लक्षणं: यदृच्छेने बनणारा नकाशा, कायमचं मरण, टर्न-बेस्ड चाल, चौकटींची जमीन, सगळ्या क्रिया एकाच पडद्यावर व केव्हाही, एका अडचणीवर अनेक उपाय, साधनं जपून वापरणं, शत्रूंची कत्तल, शोध. कमी वजनाची सहा, त्यात अक्षरांचं चित्रण आणि तळघर. यादीतच म्हटलंय की एखादं लक्षण नसलं म्हणून गेम बाद होत नाही. लोक हेच वाक्य विसरतात आणि यादीचा उपयोग दुसऱ्याला हाकलायला करतात.

त्याच वर्षी स्पेलंकी आला. नकाशा यदृच्छेचा, मरण कायमचं, पण धावायचं-उड्या मारायच्या. मग बाइंडिंग ऑफ आयझॅक (२०११), एफटीएल (२०१२). ‘रोगलाइट’ हे नाव पसरवलं ‘रोग लेगसी’ने (२०१३), त्यात मेल्यावर वारस येतो आणि जमवलेल्या सोन्याने वाडा वाढवता येतो.

गोंधळ इथेच आहे. काही जण रोगलाइट म्हणतात ‘टर्न आणि चौकटी नसलेल्या’ला, काही म्हणतात ‘मेल्यानंतर ताकद शिल्लक राहते’ त्याला. स्पेलंकी पहिल्या अर्थाने लाइट, दुसऱ्या अर्थाने नाही. सूचीत एकच अर्थ धरा आणि वर लिहून ठेवा. माझा कौल दुसऱ्या अर्थाला, कारण खेळणाऱ्याला त्याने खरा फरक पडतो. ताकद उरते त्या गेममध्ये तुम्ही हरूनही पुढे सरकता; उरत नाही तिथे फक्त तुमची समज वाढते. हेडिसमध्ये (२०२०) ‘मिरर ऑफ नाइट’वर कायमच्या वाढी घेता येतात, म्हणून रोगलाइट.

आणि एक अतिशय महत्त्वाचं: रोगलाइट हा मुख्य जॉनर लिहू नका. ती गेमची रचना आहे, फेरी आणि मरण यांची. तिच्यात कुठलंही क्रियापद बसतं. हेडिस म्हणजे ‘अ‍ॅक्शन, रोगलाइट’. स्ले द स्पायर म्हणजे ‘डेकबिल्डर’ (पत्त्यांची गड्डी बांधत खेळायचा), रचना रोगची. नुसतं ‘रोगलाइट’ वाचून हेडिसवाला स्ले द स्पायर उघडेल आणि दर डावाला पाच पत्ते, तीन एनर्जी पाहून बंद करेल.

---

लगोरी

डेकबिल्डरबद्दल जोडते. पत्ते दिसले की डेकबिल्डर, असं करू नका. हार्थस्टोनमध्ये गड्डी सामन्याआधी तयार असते. डेकबिल्डरमध्ये गड्डी बांधणं हाच खेळ असतो. डॉमिनियन (२००८) या पत्त्यांच्या खेळापासून ही कल्पना रुळली. स्ले द स्पायरमध्ये नवा पत्ता *न* घेणं हाही मोठा निर्णय आहे, कारण गड्डी फुगली की हवा तो पत्ता हातात यायला वेळ लागतो. नवखे इथेच हरतात.

---

विटी-दांडू

मेट्रॉइडव्हेनिया आणि सोल्सलाइक या दोन्हींसाठी कसोट्या देतो, म्हणजे भांडणं टळतील.

मेट्रॉइडव्हेनिया: बंद वाट कशाने उघडते ते पाहा. किल्लीने उघडत असेल तर नाही. नव्या क्षमतेने उघडत असेल, आणि तीच क्षमता लढताना किंवा फिरताना इतरत्रही कामी येत असेल, तर होय. दुहेरी उडी मिळाली की जुन्या नकाशातल्या वीस जागा अचानक आठवतात, ती याची चव. नकाशा सलग हवा, मागे फिरणं सक्तीचं हवं. मेट्रॉइड (१९८६) आणि कॅसलव्हेनिया: सिंफनी ऑफ द नाइट (१९९७) या दोघांच्या नावांची ही जोडणी. हॉलो नाइट (२०१७) यात चोख बसतो.

सोल्सलाइक: (अ) विश्रांतीची जागा, जिथे बसलं की तब्येत भरते पण मारलेले शत्रूही परत येतात, (आ) मेल्यावर जमवलेलं चलन मेल्या जागी पडतं, तिथवर न मरता पोहोचलं तरच परत मिळतं, वाटेत मेलात तर गेलं, (इ) वार, बचाव, कोलांटी सगळ्यांना एकाच दमाचा खर्च. तीनही हवेत. नुसत्या अवघड गेमला सोल्सलाइक म्हणणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक.

पहिल्या डार्क सोल्सचा (२०११) नकाशा गुंफलेला आहे म्हणून काही जण त्याला मेट्रॉइडव्हेनिया म्हणतात. तिथली दारं बहुतेक किल्ल्या, तरफा आणि बॉस (टप्प्याचे मोठे शत्रू) मारून उघडतात, तेव्हा नाही.

---

सोंगटी

मग टोटल वॉर? नकाशावर टर्न-बेस्ड, लढाई रिअल-टाइम. ‘डेव्ह द डायव्हर’ही तसाच, दिवसा समुद्रात डुबक्या आणि रात्री सुशीचं दुकान.

---

पटावरचा उंट

दोन चक्रं (पुन्हा पुन्हा येणारे खेळाचे वेगळे भाग) असली की ही कसोटी लावा: कोणतं चक्र गेम तुमच्या वतीने उरकू देतो? टोटल वॉरमध्ये लढाईचा निकाल बटण दाबून आपोआप लावता येतो; मोहिमेला तसं बटण नाही. म्हणून मुख्य जॉनर टर्न-बेस्ड स्ट्रॅटेजी, जोड रिअल-टाइम टॅक्टिक्स. तळ बांधत नाही, लढाईच्या वेळी साधनं गोळा करत नाही, म्हणून ‘आरटीएस’ नव्हे. आरटीएससाठी ड्यून २ (१९९२) पासूनचं सूत्र लागतं: गोळा करा, बांधा, फौज काढा, सगळं चालत्या घड्याळात.

---

आट्यापाट्या

ही कसोटी टोटल वॉरला पुरेशी नाही. त्यात नुसती लढाई खेळायचीही सोय आहे आणि बरेच लोक केवळ त्यासाठीच तो गेम घेतात. दोन्ही जॉनर समान वजनाने लिहावेत. सूचीत एकच मुख्य जॉनर हवा ही अट इथे सोडा.

---

पटावरचा उंट

ठीक, दोन्ही चक्रं स्वतंत्रपणे सुरू करता येत असतील तर दोन मुख्य जॉनर. डेव्ह द डायव्हरमध्ये दुकानाला लागणारा मासा डुबकीतूनच येतो, एक काढलं तर दुसरं कोसळतं. तिथे ‘अ‍ॅडव्हेंचर + दुकान-व्यवस्थापन’ अशी जोडनोंद.

---

चकवा

स्वतः गेम बनवणाऱ्यांसाठी थोडं, कारण दुकानांत हाच प्रश्न पैशाचा होतो.

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात जॉनर आणि टॅग (शोधासाठी लावलेले छोटे शब्द) वेगळे आहेत. टॅग २०१४ पासून आहेत, खेळणारेही लावू शकतात. विकसकाला २० पर्यंत निवडता येतात आणि क्रमाला वजन आहे. पहिल्या पाचांत ‘इंडी’, ‘अ‍ॅक्शन’, ‘सिंगलप्लेअर’ घालणं म्हणजे जागा वाया घालवणं. त्या टॅगचे हजारो गेम आहेत, त्यावरून तुमच्यासारखा गेम शोधता येत नाही. आधी सर्वांत बारीक उपप्रकार, मग रचना, मग कॅमेरा, मग चित्रशैली, वातावरण शेवटी. खपतोय म्हणून ‘सोल्सलाइक’ लावलात तर चुकीचा गिऱ्हाईक येतो, आणि १४ दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम तो परत करू शकतो.

गूगल प्लेवर एकच श्रेणी आणि पाचपर्यंत टॅग. अ‍ॅपलवर गेम्सखाली दोन उपश्रेण्या. तिथे ‘कोडं की कॅज्युअल’ अशी निवड करताना स्पर्धेतले गेम कुठे बसलेत ते आधी उघडून पाहा. तुमचा खेळणारा तिथेच चाळत असतो.

वयाचं प्रमाणपत्र हा जॉनर नाही. ईएसआरबी किंवा पेगी या वयोगट ठरवणाऱ्या व्यवस्था आशय पाहतात. भारतातला २०२५ चा ऑनलाइन गेमिंग कायदाही जॉनर पाहत नाही. ई-स्पोर्ट्स, सोशल गेम आणि पैशांचे गेम अशी त्याची विभागणी आहे. पैशांच्या गेममध्ये कौशल्य की नशीब हा भेदही तो धरत नाही. तेव्हा ‘रमी’ सूचीत पत्त्यांचा खेळ म्हणून येईल, पण पैसे लावून खेळायचं अ‍ॅप असेल तर परीक्षणच घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

---

चौकट राजा-राणी

सोंगटी, उरलेल्यांची नोंद करून देते:

राजी (२०२०): लढाई, चढणं-उड्या आणि हलकी कोडी आलटून पालटून येतात, तिघांपैकी एकही गाळता येत नाही. शस्त्रांना शक्ती जोडता येतात, पण वार लागणं खेळाडूच्या हातावर, म्हणून आरपीजी नाही. मुख्य जॉनर अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर. वातावरण: भारतीय पुराणकथा. तो कप्पा रद्द करू नका, फक्त जिथे खरंच तीन क्रिया समान आहेत तिथेच वापरा. निम्मे गेम आपोआप बाहेर जातील.

स्टारड्यू व्हॅली (२०१६): शेती आणि जीवन सिम्युलेशन, परंपरा हार्वेस्ट मून (१९९६). खाणीत लढाई आहे, पण दिवस ठरतो तो ऊर्जा आणि घड्याळ यांनी.

रॉकेट लीग (२०१५): स्पोर्ट्स. गाड्या आहेत, शर्यत नाही.

व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स (२०२२): हत्यारं आपोआप चालतात, खेळाडू फक्त फिरतो आणि वाढी निवडतो. ‘शूटर’ लिहू नका, नेम धरणं नाहीच. ‘बुलेट हेवन’ असं खेळणारे म्हणतात, तेच लिहा.

---

सोंगटी

मनापासून आभार. रकाने ठरले: मुख्य जॉनर, जोड, रचना, कॅमेरा, वेळ, वातावरण, परंपरा. क्रिकेटचे सगळे गेम ‘स्पोर्ट्स’मध्ये टाकू ना?

---

विटी-दांडू

नको, तिथेही क्रियापद पाहा. क्रिकेट ०७ मध्ये फटक्याची वेळ तुम्ही साधता, तो स्पोर्ट्स. इंटरनॅशनल क्रिकेट कॅप्टनमध्ये संघ निवडता, गोलंदाज बदलता, क्षेत्ररक्षण लावता. चेंडू तुम्ही खेळतच नाही. तो व्यवस्थापन, जोड स्ट्रॅटेजी, आणि ‘क्रिकेट’ जाईल वातावरणाच्या रकान्यात. फँटसी संघ निवडायची अ‍ॅप या सूचीतच नकोत, तिथे खेळ मैदानावर दुसरेच खेळतात.